क्लीनरूम नसताना ऑर्गॅनिक इलेक्ट्रॉनिक्सची लॅब कशी उभी करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी ऑर्गॅनिक इलेक्ट्रॉनिक्सचं (म्हणजे कार्बनी, प्लास्टिकसारख्या पदार्थांच्या डिव्हाइसचं) प्रॅक्टिकल सुरू करायचंय, क्लीनरूम (धूळमुक्त खोली) नाही, ग्लोव्हबॉक्स (बाहेरच्या हवेपासून बंद पेटी) नाही, मुलांची केमिस्ट्री पहिल्या वर्षात सुटलेली, मग सुरुवात कुठून करायची, सोलर सेल बनवायलाच हवा का, आणि मार्क कशाचे द्यायचे. मी बरीच वर्षं अशी लॅब चालवतोय, सुरुवातीला ती चुकीच्या पद्धतीनेच चालवली, त्यामुळे जरा लांबवर लिहितोय.

आधी ती चूकच सांगतो. पहिल्या वर्षी मी थेट सोलर सेलवर उडी मारली. दुसऱ्या विभागातला ग्लोव्हबॉक्स मागून घेतला, अ‍ॅल्युमिनियमचा इलेक्ट्रोड चढवायला व्हॅक्यूम इव्हॅपोरेटर होता, सगळं तयार. झालं काय, की ग्लोव्हबॉक्सच्या हातमोज्यात एका वेळी एकच जण हात घालणार, तोही सवयीचा लॅब असिस्टंट, बाकीची पोरं मागे उभी राहून काचेतून बघणार. इव्हॅपोरेटरचं व्हॅक्यूम यायला दोन-तीन तास, म्हणजे प्रॅक्टिकलची वेळ तिथेच संपली. शेवटी सोळातले दोन सेल चालले आणि त्या दोन्हींना मुलांचा हात लागलेला नव्हता. जर्नलमध्ये सगळ्यांनी तोच एक कर्व्ह (व्होल्टेजविरुद्ध करंटचा आलेख) काढला. हे प्रॅक्टिकल नव्हतंच. त्यानंतर मी एक नियम केला तो आजपर्यंत मोडलेला नाही: ज्या वस्तूला मुलाचा स्वतःचा हात लागलेला नाही आणि जिचं रीडिंग त्याने स्वतः घेतलेलं नाही, तिच्यावर त्याला प्रश्न विचारायचा नाही.

मग सुरुवात कशाने? माझं ठाम मत आहे की ऑर्गॅनिक इलेक्ट्रोकेमिकल ट्रान्झिस्टरने, म्हणजे द्रावणातले आयन फिल्ममध्ये आत-बाहेर करून ज्याचा करंट कमी-जास्त होतो अशा ट्रान्झिस्टरने. सोलर सेल नको, एलईडी नको, नेहमीचा फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टरसुद्धा पहिल्या महिन्यात नको. कारण हा ट्रान्झिस्टर हवेत बनतो, मिठाच्या पाण्यात चालतो, एक व्होल्टच्या आत चालतो आणि त्याचा करंट साध्या मल्टिमीटरला दिसतो. इंजिनिअरिंगच्या मुलाला हे शेवटचं फार महत्त्वाचं वाटतं, पहिल्याच दिवशी नॅनोअँपिअर मोजायला लावलं की तो अर्धा वेळ केबलच्या गडबडीत घालवतो आणि मटेरियलकडे त्याचं लक्षच जात नाही.

पण त्याच्याही आधी दोन तास नुसत्या फिल्मला द्या. पेडॉट-पीएसएस (पेडॉट हे वीज वाहून नेणारं पॉलिमर, पीएसएस हे त्याच्या जोडीचं दुसरं पॉलिमर) हे पाण्यात मिळणारं गडद निळं डिस्पर्शन, म्हणजे न विरघळता पसरलेलं मिश्रण असतं, ते फ्रीजमध्ये ठेवायचं पण गोठू द्यायचं नाही, गोठलं की गाठी होतात आणि मग परत नीट होत नाही. साधी मायक्रोस्कोपची काचेची स्लाइड घ्या, साबण, पाणी, अ‍ॅसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल असं अल्ट्रासॉनिकमध्ये धुवा, मग यूव्ही-ओझोनमध्ये १०-१५ मिनिटं. इथे मी मुलांना एक छोटी गोष्ट करायला लावतो: ओझोनच्या आधी स्लाइडवर पाण्याचा थेंब ठेवून बाजूने मोबाईलने फोटो, नंतर परत थेंब, परत फोटो. आधी थेंब गोल बसतो, नंतर सपाट पसरतो. काच डोळ्याला दोन्ही वेळा तितकीच स्वच्छ दिसत असते. पृष्ठभाग म्हणजे काय हे या दोन फोटोंनी जितकं कळतं तितकं माझ्या तासाभराच्या लेक्चरने कळत नाही. ज्या ग्रुपने ओझोनची वेळ वाचवली त्यांचं पेडॉट स्पिन करताना (काच वेगाने फिरवून पातळ थर देताना) काचेवरून उडून जातं आणि मधे एक गोल डाग उरतो, तोही त्यांना ठेवायला सांगा, फेकू देऊ नका.

आता त्याच डिस्पर्शनच्या दोन बाटल्या करायच्या. एक जशीच्या तशी, दुसरीत ५ टक्के इथिलिन ग्लायकॉल. दोन्ही ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढायच्या, एकाच स्पीडला स्पिन करायच्या, हॉट प्लेटवर भाजायच्या आणि चार टोकांच्या प्रोबने शीट रेझिस्टन्स (फिल्मच्या एका चौकोनी तुकड्याचा रेझिस्टन्स) मोजायचा. प्रोब विकतचाच हवा असं नाही, एका ओळीत सारख्या अंतरावर चार स्प्रिंगच्या पिना बसवल्या तरी काम होतं, बाहेरच्या दोन पिनांतून करंट, आतल्या दोनवर व्होल्टेज, भागाकार करून ४.५३ ने गुणायचं. जास्त कंडक्टिव्हिटीच्या ग्रेडचं पेडॉट असेल तर साध्या बाटलीची कंडक्टिव्हिटी सेंटिमीटरला एक सीमेन्सच्याही आत असते आणि ग्लायकॉलवाली काही शे सीमेन्सवर जाते. म्हणजे १०० नॅनोमीटरच्या फिल्मचा शीट रेझिस्टन्स लाख ओहमवरून शे-दोनशे ओहमवर येतो! मुलं पहिल्यांदा म्हणतात प्रोब बिघडला. मग विचारायचं, ग्लायकॉल तर भाजताना बहुतेक उडून गेलं, मग करंट कोण वाहून नेतंय? त्यांना वाटत असतं की आपण 'डोपंट' टाकला, सिलिकॉनमध्ये फॉस्फरस टाकतात तसा. इथे तसं नाही, कॅरिअर (करंट वाहून नेणारे भार) आधीपासून तेवढेच होते, ग्लायकॉलने पीएसएस आणि पेडॉटची मांडणी बदलली आणि वाहणाऱ्या साखळ्या एकमेकींना भेटल्या. कॅरिअर किती आणि वाट किती मोकळी हे दोन वेगळे प्रश्न आहेत, सिलिकॉनच्या पुस्तकात ते इतक्या स्पष्टपणे वेगळे पडत नाहीत.

त्यानंतर ट्रान्झिस्टर. ग्लायकॉलवाल्या बाटलीत १ टक्का जीओपीएस नावाचा क्रॉसलिंकर (साखळ्या एकमेकींना बांधणारा पदार्थ) टाकायचा, स्पिन करायच्या जरा आधी, आणि १४० अंशावर तासभर भाजायचं. एका ग्रुपला मुद्दाम क्रॉसलिंकरशिवायची फिल्म द्या, त्यांनी पाणी टाकलं की फिल्म सुटून तरंगायला लागते, आणि सगळा वर्ग ते बघायला गोळा होतो. चॅनल म्हणजे टेप लावून उरवलेली १ मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर लांब पट्टी, दोन टोकांना सिल्व्हर पेस्ट, आणि त्या पेस्टवर नेलपॉलिशचा जाड थर. हा थर विसरू नका. चांदीला मिठाचं पाणी लागलं की चांदीच रिअ‍ॅक्शन करायला लागते आणि जो करंट मोजतोय तो ट्रान्झिस्टरचा राहतच नाही. गेट (करंटवर ताबा ठेवणारं टोक) म्हणून चांदीची तार अर्धा तास ब्लीचमध्ये बुडवून ठेवा, ती राखाडी-जांभळी होते, झाला सिल्व्हर क्लोराइडचा इलेक्ट्रोड. इलेक्ट्रोलाइट म्हणजे १०० मिलिलिटर पाण्यात ०.५८ ग्रॅम मीठ, ०.१ मोलार.

ड्रेनला, म्हणजे पट्टीच्या एका टोकाला, उणे ०.२ व्होल्ट दिला की साधारण २०० मायक्रोअँपिअर वाहतो, पाच चौकोनांची पट्टी, चौकोनाला २०० ओहम, हिशोब तोंडी होतो. गेट शून्यापासून हळूहळू अधिक ०.६ पर्यंत न्यायचा, करंट दहापट, कधी शंभरपट घसरतो. सोडियमचे आयन फिल्मच्या आत शिरतात, पेडॉटवरचे धन भार जातात, चॅनल बंद. थोडा जाड थर दिलेला असेल तर चॅनल फिक्या निळ्यावरून गडद निळा झालेला डोळ्याला दिसतो, म्हणजे ट्रान्झिस्टर बंद होताना पोरं तो रंगाने बघतात, हे दुसऱ्या कुठल्याही डिव्हाइसमध्ये मी दाखवू शकलेलो नाही. गेट ०.८ च्या पुढे नेऊ द्यायचा नाही, नको त्या रिअ‍ॅक्शन सुरू होतात आणि फिल्म खराब होते.

इथेच मी मुलांना एक हिशोब करायला लावतो आणि हा हिशोब मला या सगळ्या कोर्सचा गाभा वाटतो. पेडॉटची कपॅसिटन्स आकारमानावर असते, घन सेंटिमीटरला साधारण ४० फॅरड. आपल्या चॅनलचं आकारमान काढा: १ मिलिमीटर गुणिले ५ मिलिमीटर गुणिले १०० नॅनोमीटर. उत्तर येतं २० मायक्रोफॅरड. आता तेवढ्याच क्षेत्रफळावर ३०० नॅनोमीटर सिलिकॉन डायऑक्साइड असता तर? अर्ध्या नॅनोफॅरडच्या जरा वर. तीस-पस्तीस हजारपट फरक. म्हणून तिकडे गेटला चाळीस व्होल्ट लागतात आणि इकडे अर्ध्या व्होल्टमध्ये भागतं. आणि मग पुढचा प्रश्न, एवढी कपॅसिटन्स फुकट मिळते का? नाही, तिला चार्ज करायला वेळ लागतो. पेडॉटचे दोन थर द्या, ट्रान्सकंडक्टन्स (गेटच्या व्होल्टेजने करंट किती बदलतो ते) वाढतो आणि डिव्हाइस तेवढाच मंद होतो, दोन्ही आलेख एकाच दिवशी एकाच टेबलावर काढता येतात. मॉसफेटमध्ये (सिलिकॉनच्या नेहमीच्या ट्रान्झिस्टरमध्ये) चॅनल पृष्ठभागावर असतो, इथे अख्खी फिल्म चॅनल आहे, हे वाक्य मी आधी सांगत नाही, दोन थरांचा आलेख बघून कुणीतरी ते स्वतः म्हणेपर्यंत थांबतो. थांबायला जमत नाही पहिल्यांदा, पण थांबा.

इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांचा हात जिथे बसलेला असतो तिथे त्यांना मोकळं सोडा. मोजणीचं सर्किट त्यांनाच बनवू द्या, एक ऑप-अँप, एक फीडबॅक रेझिस्टर, एक मायक्रोकंट्रोलर बोर्ड. केमिकलला बिचकणारा मुलगा सर्किटमध्ये पुढे येतो आणि मग तोच गेट करंट जास्त का येतोय म्हणून फिल्मकडे वळतो. माझ्याकडे बऱ्याच मुलांची या विषयाशी ओळख अशी उलट्या दाराने झालेली आहे आणि त्यात काही बिघडत नाही.

पॉलिमर सेमीकंडक्टर यानंतर. पीथ्रीएचटी घ्या, कोमट क्लोरोबेंझीनमध्ये विरघळवा, द्रावण नारिंगी दिसतं. तेच काचेवर स्पिन केलं की फिल्म जांभळट. मुलांना दोन्ही शेजारी धरायला लावा आणि स्पेक्ट्रोमीटरवर बघा, द्रावणाचं शिखर ४५० नॅनोमीटरच्या आसपास, फिल्मचं ५२० च्या आसपास आणि ६०० च्या जरा पुढे एक खांदा. साखळ्या द्रावणात वळलेल्या असतात, फिल्ममध्ये सपाट होऊन एकमेकींवर रचल्या जातात, काँज्युगेशन (इलेक्ट्रॉन साखळीवर पसरू शकतात तो पट्टा) लांबतं, गॅप (इलेक्ट्रॉनला वर उडी मारायला लागणारी ऊर्जा) कमी होते. बँड गॅप हा शब्द त्यांनी हजार वेळा ऐकलेला असतो पण तो वाकवता येतो हे डोळ्यांनी पहिल्यांदा इथे बघतात. त्याच फिल्म वेगवेगळ्या स्पीडला बनवून अ‍ॅबसॉर्बन्स मोजला तर जाडी मोजायचं महागडं प्रोफाइलोमीटर नसलं तरी सापेक्ष जाडी मिळते. स्पीड चौपट केला की जाडी साधारण निम्मी व्हायला हवी, लॉग-लॉग आलेखाचा उतार उणे अर्ध्याच्या जवळ येतो. नाही आला तर जास्त चांगलं, मग द्रावण थंड होतं का, झाकण उघडं होतं का, थेंब टाकल्यावर किती वेळाने स्पिनर सुरू केला, असे खरे प्रश्न निघतात.

मधे एक प्रॅक्टिकल फक्त आनंदासाठी ठेवा, प्रकाशाचं. रुथेनियमच्या बायपिरिडिन कॉम्प्लेक्सचा मीठासारखा क्षार असतो, तो विरघळवून आयटीओच्या (पारदर्शक आणि वीज वाहणारा लेप असलेल्या) काचेवर एकच थर, वर गॅलियम-इंडियमच्या द्रव मिश्रधातूचा थेंब, तीन ते पाच व्होल्ट आणि खोलीचे दिवे बंद. काही सेकंदांनी नारिंगी-लाल उजेड येतो. हवेत बनवलेला एका थराचा दिवा, काही मिनिटांत मरतो, पण स्वतःच्या हाताने केलेला. उजेड यायला वेळ का लागतो हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात, आणि उत्तर परत आयनांकडेच नेतं, ते सरकून इलेक्ट्रोडपाशी गोळा झाल्याशिवाय चार्ज आत शिरत नाही. ट्रान्झिस्टरवाल्या आठवड्याशी हा धागा जुळतो म्हणून मी तो क्रम बदलत नाही. १९८७ मध्ये टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी दहा व्होल्टच्या आत चालणारा दोन थरांचा ऑर्गॅनिक एलईडी दाखवला आणि आज मोबाईलच्या स्क्रीन त्याच वाटेने आलेल्या आहेत, हे त्या अंधाऱ्या खोलीत दोन मिनिटांत सांगून होतं, वेगळं लेक्चर लागत नाही.

त्या द्रव मिश्रधातूबद्दल एक सूचना, तो अ‍ॅल्युमिनियमला लागू देऊ नका. गॅलियम अ‍ॅल्युमिनियमच्या आत शिरून त्याला ठिसूळ करतो, हॉट प्लेटचा वरचा पत्रा किंवा स्पिनरचा भाग त्याने खराब होऊ शकतो. प्लास्टिकच्या ट्रेमध्येच काम करायचं.

आणि सुरक्षिततेचं इथेच बोलून घेतो. क्लोरोबेंझीन, क्लोरोफॉर्म ही फ्यूम हूडच्या (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाच्या) बाहेर काढायचीच नाहीत. निळे नायट्राइलचे हातमोजे मुलांना कवच वाटतात, पण क्लोरीनवाली सॉल्व्हंट त्यातून फार पटकन आरपार जातात, थेंब पडला की हातमोजा लगेच बदलायचा, नंतर बघू असं नाही. टाकाऊ सॉल्व्हंटच्या दोन बाटल्या, क्लोरीनवालं वेगळं, अ‍ॅसिटोन-अल्कोहोल वेगळं. सिरिंज फिल्टर पाण्यासाठी वेगळा आणि ऑर्गॅनिक सॉल्व्हंटसाठी वेगळा, उलट लावला तर दाब बसून फिल्टर सुटतो आणि द्रावण तोंडावर येतं, म्हणून चष्मा सक्तीचा. पिरान्हा सोल्यूशन आणि हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड पदवीच्या मुलांच्या लॅबमध्ये आणूच नका, त्यांच्यावाचून काही अडत नाही. पीथ्रीएचटी एकटंच लागत असेल तर ते गरम टोल्युईन किंवा झायलीनमध्येही विरघळतं, तिथे क्लोरीन टाळता येतं तर टाळा.

आता सोलर सेल. हो, बनवा, पण आठव्या-नवव्या आठवड्यात, जेव्हा हात बसलेले असतात. आयटीओ, वर पेडॉट (इथे कमी कंडक्टिव्हिटीची ग्रेड, नाहीतर शेजारचे पिक्सेल, म्हणजे त्याच काचेवरचे छोटे सेल, जोडले जातात), वर पीथ्रीएचटी आणि पीसीबीएमचं (इलेक्ट्रॉन उचलून घेणाऱ्या फुलरीनच्या रेणूचं) मिश्रण, वर इलेक्ट्रोड. इव्हॅपोरेटर असेल तर अ‍ॅल्युमिनियम, नसेल तर तोच द्रव मिश्रधातू. आयटीओची नक्षी काढायला टेप, झिंकची पूड आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड पुरतं, हायड्रोजन सुटतो म्हणून हूडमध्ये. काचेची कोणती बाजू आयटीओची हे प्रत्येक वेळी मल्टिमीटरने बघायचं, दरवर्षी एक ग्रुप उलट्या बाजूला सेल बनवतोच.

आणि इथे प्रत्येक ग्रुपला एकच गोष्ट बदलायला द्या. एकाने अ‍ॅनीलिंग (बनलेली फिल्म गरम करून घेणं) करायचं नाही, दुसऱ्याने ११० अंशावर, तिसऱ्याने १४० वर, चौथ्याने स्पीड बदलायचा. आठ ग्रुप, ग्रुपला सहा पिक्सेल, म्हणजे ४८ पिक्सेल, आणि सगळ्यांचे आकडे एका शीटमध्ये. 'सर, आमचा एक पिक्सेल फार भारी आला' हे ऐकून घ्यायचं, कौतुक करायचं आणि विचारायचं की बाकीचे पाच कुठे आहेत. अ‍ॅनीलिंगचा परिणाम पिक्सेलमधल्या फरकापेक्षा मोठा आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे आणि तो एका भारी पिक्सेलने सुटत नाही.

आकडे कसे असतील? नीट लॅबमध्ये या जोडीतून ३-४ टक्के एफिशियन्सी निघते. मुलांच्या हातून, हवेत, चांगला सेल म्हणजे ८ मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर, ०.६ व्होल्ट, फिल फॅक्टर (कर्व्ह किती चौकोनी आहे त्याचं माप) ०.५५, गुणाकार २.६ टक्के. बहुतेकांचा एकाच्या आसपास किंवा त्याखाली राहतो आणि ते चालतं. पण कुणाचा पाच-सहा टक्के आला तर आनंद करू नका, क्षेत्रफळ तपासा. थेंबाचा व्यास २ मिलिमीटर धरला आणि तो खरं २.५ असला तर क्षेत्रफळात ५६ टक्क्यांची चूक, तेवढाच करंट फुगलेला. वर भोक पाडलेला काळा मास्क लावला की बऱ्याच सेलची हवा निघते. दिव्याचंही तसंच, पांढऱ्या एलईडीत इन्फ्रारेड जवळजवळ नसतो आणि पीथ्रीएचटी नेमकं दिसणाऱ्या प्रकाशातच खातं, म्हणजे सिलिकॉनच्या रेफरन्सशी तुलना केली तर आपला सेल उगाच चांगला दिसतो. अशा दिव्याखाली आलेल्या आकड्याला सूर्यप्रकाशातली एफिशियन्सी म्हणायचं नाही, नुसतं 'या दिव्याखाली इतका करंट' असं लिहायचं. मी यात कडक आहे.

पण या सगळ्यात खरी शिकवण्याची जागा म्हणजे न चाललेला सेल. अंधारातला कर्व्ह आधी घ्यायचा, नेहमी. सरळ रेष शून्यातून जातेय? शॉर्ट आहे, उतारावरून रेझिस्टन्स काढा, मग फिल्म मायक्रोस्कोपखाली घ्या. १०० नॅनोमीटरच्या फिल्मवर १ मायक्रॉनचा धुळीचा कण म्हणजे फिल्मच्या दहापट उंचीचा डोंगर, आणि थेंब ठेवताना सुई जरा दाबली तरी भोक. कर्व्ह डायोडसारखा आहे पण पुढच्या बाजूला लवकर आडवा पडतोय? सिरीज रेझिस्टन्स, आयटीओवरचा संपर्क बघा. इंग्रजी एस सारखा वळलाय? कुठल्यातरी सीमेवर चार्ज अडतोय, बहुतेक वेळा इलेक्ट्रोडपाशी, अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइड आलाय का किंवा ओझोन विसरला होता का. करंटच कमी पण आकार बरा? मग मिश्रणाकडे बघा, एक्सिटॉन (प्रकाशाने बनलेली इलेक्ट्रॉन आणि धन भाराची बांधलेली जोडी) जेमतेम १० नॅनोमीटर चालतो, त्याच्या आत त्याला दोन पदार्थांची सीमा भेटली नाही तर तो विझतो, म्हणून अ‍ॅनील न केलेल्या आणि जास्त शिजवलेल्या दोन्ही फिल्म मार खातात, वेगवेगळ्या कारणाने.

मी मोजणीच्या आधी एक काम लावतो: प्रत्येकाने कोऱ्या कागदावर आपल्याला कसला कर्व्ह येईल असं वाटतंय तो हाताने काढायचा, अक्षांवर आकड्यांसकट. मग खरा कर्व्ह त्यावर. दोन्हींतला फरक समजावून सांगणं म्हणजे रिपोर्ट. मार्कही त्याचेच. एफिशियन्सीला शून्य मार्क, हे मी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहितो, कारण आकड्याला मार्क ठेवले की आकडे येतात, कुठून येतात ते सगळ्यांना माहीत आहे. तोंडी परीक्षेत मी दुसऱ्या ग्रुपचा बिघडलेला कर्व्ह आणि त्यांच्या वहीचं पान पुढे ठेवतो आणि विचारतो, काय झालं असेल, आणि खात्री करायला पुढची कोणती एक मोजणी कराल. एकच. तीन सांगितल्या तर त्यातली एक निवडायला लावतो.

वही म्हणूनच महत्त्वाची. तापमान, ह्युमिडिटी, दोन पायऱ्यांमध्ये किती मिनिटं गेली, बाटली कोणती, चूक झाली तर चूक. जपानी केमिस्ट शिराकावा काम करत होते त्या टोकियोतल्या लॅबमध्ये पॉलिअ‍ॅसिटिलीन बनवताना चुकून हजारपट जास्त उत्प्रेरक पडला आणि काळ्या पावडरऐवजी चांदीसारखी चकाकणारी फिल्म मिळाली. पुढे मॅकडियार्मिड आणि हीगर यांच्यासोबत १९७७ मध्ये आयोडीन देऊन तिची कंडक्टिव्हिटी कोट पटीने वाढली आणि २००० मध्ये तिघांना केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. हे मी वह्या वाटताना सांगतो. नेमकं किती पडलं हे कळलं नसतं तर ती फिल्म परत बनवताच आली नसती, आणि आमच्याकडची पोरं तर 'थोडंसं जास्त टाकलं' एवढंच लिहितात, त्यावर मी वही परत करतो.

नेहमीच्या फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टरबद्दल थोडंच सांगतो. दोन चॅनलचं सोर्स-मेजर युनिट (व्होल्टेज देऊन करंट मोजणारं उपकरण) असेल आणि तयार ऑक्साइडवाले सिलिकॉनचे तुकडे मिळत असतील तरच करा. त्यात दोन गोष्टी मात्र जरूर दाखवा. एक, फिल्म चॅनलच्या बाहेरही पसरलेली असते, सुईने चॅनलभोवती खरवडून मोजा आणि न खरवडता मोजा, मोबिलिटी (कॅरिअर किती सहज सरकतात त्याचं माप) बदललेली दिसेल, बाजूने वाहणारा करंट आपण मोबिलिटीत मोजत होतो. दोन, पीथ्रीएचटीचा ट्रान्झिस्टर बनवल्याबरोबर मोजा आणि हवेत तासभर ठेवून परत मोजा, ऑफ करंट वर चढलेला असतो, हवेतल्या ऑक्सिजनने डोपिंग केलेलं असतं. मोबिलिटी ०.०१ (चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद) च्या घरात येईल, सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनची १४०० असते, म्हणजे लाखपटीहून जास्त फरक, आणि मग याचा उपयोग काय असं कुणीतरी विचारतोच. त्याला मी पुन्हा मिठाच्या पाण्यातला ट्रान्झिस्टर काढून देतो आणि विचारतो, हे सिलिकॉनच्या तुकड्याला असं उघडं पाण्यात ठेवून करून दाखव.

शेवटचे तीन आठवडे मोकळे ठेवा. तीन जणांचा ग्रुप, एकच प्रश्न, त्यांचाच. मागे एका ग्रुपने कागदावर पेडॉटचा ट्रान्झिस्टर केला होता, दुसऱ्याने मिठाचं प्रमाण दहापट-दहापट वाढवत गेटचा परिणाम कसा सरकतो ते बघितलं, एका मुलीने तर ग्रुपच्या सगळ्या बिघडलेल्या सेलचा वर्ष अखेरीस परत अंधारातला कर्व्ह घेतला आणि कोणता शॉर्ट आपोआप सुटला, कोणता वाढला याची यादी केली.

स्पिन कोटर एकच असेल तर आधीच वेळापत्रक बांधा, वीस मुलं एका स्पिनरपुढे उभी राहिली तर तास तिथेच जातो. अर्धे ग्रुप स्पिनरवर, अर्धे मोजणीच्या टेबलावर, पुढच्या आठवड्यात उलट. खरेदीची यादी करताना पहिलं नाव फ्यूम हूड, दुसरं बऱ्या हॉट प्लेट, तिसरं स्पिन कोटर, मग चार-पाच चांगले मल्टिमीटर. ग्लोव्हबॉक्स या यादीत नाही. पहिल्या टर्मला पेडॉटची एकच छोटी बाटली, दोन डझन स्लाइड, चांदीची तार आणि मीठ एवढ्यावर चार आठवडे निघतात, तेवढे काढा, मुलांच्या वह्या वाचा आणि त्यावरून पुढचं काय मागवायचं ते ठरवा.